माफीनाम्यावर सही करू का?

पत्र

ताई, मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली सिस्टर आहे, अकरा वर्षं झाली. तालुक्याच्या गावातल्या ऐंशी खाटांच्या खासगी हॉस्पिटलमध्ये काम करते, पगार साडेचौदा हजार. मागच्या आठवड्यात नाईटला पुरुष वॉर्डात २६ पेशंटना मी एकटी होते, सोबतीला एक मावशी. एका ७१ वर्षांच्या आजोबांना जेवणाआधी इन्सुलिन १० युनिट द्यायचं होतं. वायल, म्हणजे इन्सुलिनची बाटली, त्यांच्या मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून आणली होती. ट्रेमधली सिरिंज घेतली, दहाच्या खुणेपर्यंत भरलं, दिलं. साडेअकराला फेरी मारताना आजोबा घामाने चिंब दिसले, बोलणं अडखळत होतं. शुगर ३८, म्हणजे फारच कमी. आरएमओ (निवासी डॉक्टर) सरांना फोन लावत लावतच २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, सुरू केलं. अर्ध्या तासात आजोबा शुद्धीवर येऊन पाणी मागायला लागले. सकाळी कळलं की वायल शंभरवाली होती आणि वॉर्डात सिरिंज फक्त चाळीसच्या होत्या. इनचार्ज सिस्टरनी शंभरच्या सिरिंजचा इंडेंट (मागणीपत्र) मागच्या महिन्यात दोनदा पाठवला होता. सकाळी मुलगा अंगावर धावून आला, हात उगारला. मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टरने चुकीचा डोस दिलाय, कारवाई करतो." मग मला मेमो मिळाला. मॅनेजर म्हणतात, "माझ्या हलगर्जीपणामुळे झालं, माफी असावी, एवढं लिहून दे, विषय संपला." घरी हे म्हणतात, सही कर आणि मोकळी हो, नाहीतर नोकरी सोड. तीन दिवसांची मुदत आहे. आता इन्सुलिन भरताना माझा हात थरथरतो. काय करू?

— रात्रपाळीची सिस्टर

उत्तर

तुझ्या आईच्या वयाची आहे मी, म्हणून सरळ 'तू' म्हणते. पत्र मिळालं त्या संध्याकाळीच तुला निरोप पाठवला होता की सही करू नकोस आणि मुदत वाढवून मागणारा दोन ओळींचा अर्ज दे. तू तो दिलास, आठ दिवस मिळाले, हे वाचून बरं वाटलं. बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण ही वेळ तुझ्या एकटीवर आलेली नाही, दर आठवड्याला अशी दोनचार पत्रं येतात.

आधी सिरिंजचं बोलू. हे सदर नर्सिंगमधले नसलेले लोकही वाचतात आणि त्यांना हा घोळ माहीत नसतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या वायल दोन ताकदींच्या मिळतात. एकीत एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतात, दुसरीत १००. सिरिंजही त्याप्रमाणे दोन, चाळीसवालीची टोपी लाल आणि शंभरवालीची नारिंगी. चाळीसच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत भरलं की पाव मिलिलिटर होतं. चाळीसच्या वायलमधून ते बरोबर दहा युनिट. तेच पाव मिलिलिटर शंभरच्या वायलमधून घेतलं तर पंचवीस. म्हणजे डोळ्यांना 'दहा' दिसतं आणि शरीरात अडीचपट जातं. लाल आणि नारिंगीत रात्री अकरा वॅटच्या बल्बखाली किती फरक दिसतो ते मॅनेजरसाहेबांनी एकदा वॉर्डात येऊन पाहावं.

आता त्या रात्रीच्या दहा युनिटांचा प्रवास मागून पुढे बघ. डॉक्टरांनी केस पेपरवर 'इन्सुलिन १०' लिहिलं, कुठलं आणि कोणत्या ताकदीचं ते लिहिलं नाही. हॉस्पिटलच्या फार्मसीत ते नव्हतं म्हणून मुलाला बाहेर पाठवलं गेलं. बाहेरच्या दुकानदाराने वायल दिली, सोबत सिरिंज कोणती वापरणार हे विचारलं नाही. स्टोअरने दोन इंडेंट दाबून ठेवले. प्रशासनाने २६ पेशंटना एक सिस्टर लावली. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आम्ही शिकत होतो तेव्हापासून पाठ आहे: शिकवण्याच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक, आणि रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के जादा. तुझ्या वॉर्डात त्या रात्री किती जणी हव्या होत्या, ते तूच मोज. इतक्या हातांतून आलेली गोष्ट शेवटी तुझ्या हातात आली. रुग्णाच्या अंगाला सुई लावणारा हात तुझा होता, म्हणून दिसला तोही तुझाच. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं तर वांगं ताटात समोर असावं लागतं.

पण यात तुझाही वाटा आहे. वायलवरचा आकडा तू वाचला नाहीस. सिरिंजवरचाही नाही. मी मेट्रन असते तर तुला केबिनमध्ये बोलावून दार लावून हे सांगितलं असतं, आणि दार उघडल्यावर बाहेर कोणाला तुझ्याबद्दल एक शब्द बोलू दिला नसता. झालेल्या गोष्टीत दोन आणे तुझे असतील, उरलेले चौदा तुझे नाहीत. माफीनाम्यात तुझ्याकडून सोळाच्या सोळा आणे लिहून घेतायत.

आणि साडेअकराची फेरी? तू पाठवलेल्या मेमोत तिचा उल्लेख नाही. मी दोनदा वाचला. २६ पेशंटच्या रात्रीत जेवणानंतर अडीच तासांनी ती बाई एका म्हाताऱ्याच्या कपाळावर हात ठेवते, घाम पाहून शुगर करते, डॉक्टर यायच्या आत सलाईन लावते, म्हणून आजोबा आज घरी आहेत. झोपलेत असं समजून पुढे गेली असतीस तर सकाळी वेगळाच कागद तयार झाला असता. चूक घडली ती नऊ वाजता, पकडली गेली साडेअकराला, आणि पकडणारी तूच होतीस.

नर्सचं काम नीट झालं की काहीच घडत नाही. पडून पडून होणारी जखम, म्हणजे बेडसोअर, होत नाही, ताप चढत नाही, पेशंट कॉटवरून पडत नाही. न घडलेल्या गोष्टीचा कागद कोण करणार? मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानभाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. तिथल्या परिचारिकांच्या किती पिढ्यांनी त्यांना सांभाळलं. एवढ्या वर्षांत अंगाला बेडसोअर नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात घेतली गेली. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवणं ही गोष्ट कोर्टापर्यंत पोचायला प्रकरण इतकं मोठं व्हावं लागतं. एरवी १२ मेला, परिचारिका दिनाला, गुलाबाचं फूल आणि १३ मेला मेमो.

माफीनाम्याबद्दल मी एवढी हटून का बसलेय, ते माझ्याच गोष्टीवरून सांगते. नोकरीचं तिसरं वर्ष, सरकारी रुग्णालय. रात्री दोनला ऑक्सिजनचा सिलिंडर संपला. भरलेले सिलिंडर स्टोअरमध्ये, स्टोअरला कुलूप, चावी कारकुनाच्या घरी. वॉर्डबॉयला सायकलवर पाठवलं. पाऊण तास गेला. मी तेवढा वेळ हाताने श्वास द्यायची अँब्यू बॅग दाबत होते, बोटं वाकडी झाली. पेशंट वाचला. सकाळी साहेब म्हणाले, "बेटा, चार ओळी लिही, प्रकरण इथेच मिटवू." मी लिहिलं, 'माझ्या हलगर्जीपणामुळे'. एक वेतनवाढ थांबली. चावीबद्दल कोणी विचारलं नाही, कारण माझ्या कागदात चावी नव्हतीच! नऊ वर्षांनी बढतीच्या वेळी समोरच्या अधिकाऱ्याने फाईल उघडून तेच वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. वाक्य माझं, अक्षर माझं, सही माझी. काय बोलणार? (निवृत्त होताना डेड स्टॉकच्या रजिस्टरात सात ब्लँकेटं कमी भरली म्हणून माझा ना-हरकत दाखला अडला होता. त्या ब्लँकेटांचे पैसे मी भरले. पण तेव्हाही 'माझ्या हलगर्जीपणामुळे' लिहिलं नाही. एवढं शिकले होते.)

म्हणून माफीनामा नको, खुलासा दे. माफीनाम्यात फक्त तू असतेस. खुलाशात ती रात्र येते, तिच्यातल्या सगळ्या माणसांसकट. आणि तुझी चूकही येते, ती लपवायची नाही. लपवलीस तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. मजकूर साधारण असा ठेव:

"दि. … रोजी रात्रपाळीत पुरुष वॉर्डात २६ रुग्णांसाठी मी एकटी स्टाफ नर्स कामावर होते. खाट क्र. … वरील रुग्णाच्या केस पेपरवर 'इन्सुलिन १०' असा आदेश होता. इन्सुलिनचा प्रकार व ताकद लिहिलेली नव्हती. वायल नातेवाइकांनी बाहेरून आणली होती व ती १०० युनिट प्रति मिली होती. वॉर्डात फक्त ४० युनिटच्या सिरिंज उपलब्ध होत्या. १०० युनिटच्या सिरिंजची मागणी दि. … व दि. … रोजी स्टोअरकडे नोंदवलेली आहे. इंजेक्शन देण्यापूर्वी मी वायलवरील ताकद व सिरिंज यांचा मेळ पडताळला नाही. रात्री ११.३० वाजता रुग्णास घाम व बोलण्यात अडखळणे आढळल्याने मी तपासणी केली, रक्तशर्करा ३८ होती. आरएमओंना कळवून तत्काळ २५ टक्के डेक्स्ट्रोज सुरू केले. १२ वाजता रुग्ण पूर्ण शुद्धीवर होता. पुन्हा असे घडू नये म्हणून पुढील गोष्टी कराव्यात ही विनंती."

विनंत्या तीनच कर. इन्सुलिनच्या आदेशात नाव आणि ताकद लिहावी. दोन्ही सिरिंज वेगवेगळ्या डब्यात ठेवाव्यात. इन्सुलिन देण्याआधी दुसऱ्या कोणी तरी वायल मोठ्याने वाचावी. 'हलगर्जीपणा', 'निष्काळजीपणा', 'गुन्हा', 'क्षमा' हे शब्द कुठेही नकोत. 'डॉक्टरांनी मुद्दाम', 'स्टोअरवाले नेहमीच' हेही नको. राग मला पत्रात लिही, खुलाशात नको.

आता तुझ्या यजमानांसाठी. त्यांना हा परिच्छेद वाचायला दे, कारण 'सही कर आणि मोकळी हो' म्हणताना त्यांना वाटतंय की सहीने विषय संपेल. रुग्णालयाची सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलंय. उद्या त्या मुलाने ग्राहक आयोगात तक्रार केली तर नोकराच्या चुकीची भरपाई मालकावर येते, म्हणजे हॉस्पिटलवर. तेव्हा हॉस्पिटलला एक कागद हवा असतो: आमची व्यवस्था चोख होती, या बाईने हलगर्जीपणा केला, तिने लेखी कबूलही केलंय. मॅनेजरांना सहीची घाई कशाची आहे, ते यावरून कळतं.

तुझ्या प्रकरणात आजोबा सुखरूप आहेत, त्यामुळे पुढचं तुला लागू नाही. पण प्रत्येक सिस्टरला माहीत हवं. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर जुन्या दंडसंहितेच्या ३०४ अ कलमात जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती, सगळ्यांना सारखीच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या १०६ व्या कलमात ती पाच वर्षं झाली. डॉक्टर उपचार करत असताना असं घडलं तर त्यांच्यासाठी मात्र दोनच वर्षं ठेवली. डॉक्टर म्हणजे कोण, तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली नोंद असलेला. तुझी-माझी नोंद असते नर्सिंग कौन्सिलकडे. म्हणजे आदेश लिहिणाऱ्याला दोन आणि तो पाळणारीला पाच, अशी अवस्था होऊ शकते. डॉक्टरांना मिळालेल्या सवलतीबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनाही संरक्षण हवंच. तो कायदा लिहिताना आपण खोलीत आहोत हे कोणाला आठवलं नाही, याचं वाईट वाटतं. डॉक्टरांवर गुन्हा नोंदवण्याआधी त्या विषयातल्या तज्ज्ञाचं स्वतंत्र मत घ्यावं, सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं. तुमच्यापैकी कोणावर कधी वेळ आलीच तर वकिलाला हा निकाल दाखवून तोच न्याय आपल्यालाही मागा.

भंडाऱ्याला जानेवारी २०२१ मध्ये नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, पुढे दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता कक्षात आग लागली, दहाहून अधिक रुग्ण दगावले, आणि अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. त्या खटल्यांमध्ये कोणाचा किती दोष ते न्यायालय ठरवेल, मी नाही. मी त्या बातम्या वाचत होते तेव्हा एकच विचार मनात येत होता: वायरिंग कोणाच्या सहीने पास होतं, आग विझवण्याच्या यंत्रणेचे पैसे कोणाच्या टेबलावर अडतात, आणि पोलीस पहिल्यांदा कोणाच्या क्वार्टरवर जातात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे संन्यासी ड्युटीवर होता एवढंच.

मुलाबद्दल. बाप मरता मरता वाचला, माणूस बिथरतो, मी समजू शकते. पण हात उगारणं खपवून घ्यायचं नाही. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरच्या हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, त्यात परिचारिका स्पष्टपणे येतात, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. तक्रार करायची की नाही ते तू ठरव. मला विचारशील तर घटना इन्सिडंट रजिस्टरमध्ये लिहून ठेव आणि सध्या तेवढंच पुरे. तो मुलगा उद्या तुला भेटायला आला तर नवल वाटून घेऊ नकोस, असे मी बरेच पाहिलेत. साडेअकराला काय झालं ते त्याला कोणी सांगितलंच नसणार.

आरएमओंवरही फार चिडू नकोस. तोही बहुधा छत्तीस तासांचा जागा होता. मोठ्या डॉक्टरांचं 'सिस्टरने दिलाय' मात्र मला बोचलं. आदेश त्यांचा होता. नातेवाइकांसमोर 'आमच्याकडून चूक झाली' म्हणायला एक शब्दच बदलावा लागतो.

कागदांची तयारी आज कर. नेमणूक पत्र, त्या महिन्याचा ड्युटी चार्ट, मेमो, मुदतवाढीचा अर्ज, पगाराच्या नोंदी, सगळ्याच्या प्रती घरी ठेव. इनचार्ज सिस्टरना इंडेंटच्या तारखा विचारून लिहून घे. त्या घाबरतील, त्यांनाही पोट आहे, म्हणून सहीसाठी आग्रह नको, तारखा पुरेत. पेशंटच्या केस पेपरचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस, तो पेशंटचा आहे आणि तिथे तू खरोखरच चुकशील. मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलने ठेवून घेतली असतील तर खुलाशाच्या आधी काही निमित्त काढून ती परत आण. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नूतनीकरण झालेलं आहे ना, ते बघ. जिल्ह्यात परिचारिकांची संघटना असेल तर तिच्या कानावर घाल, आणि कामावरून काढायची भाषा झाली तर वकील गाठ. चौकशी न करता काढतो म्हणणाऱ्याला 'लेखी द्या' एवढंच म्हण. 'लेखी' म्हटलं की उंटावरून शेळ्या हाकणारे खाली उतरतात.

नोकरी सोडायची तर सोड, पण या प्रकरणासाठी नको आणि या महिन्यात नको. सोडायला कारण हवं असेल तर पगार पुरेसा आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली होती की ५० ते १०० खाटांच्या खासगी रुग्णालयात नर्सचा पगार सरकारी पगारापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक कमी नसावा, आणि ५० खाटांखालीसुद्धा किमान २० हजार असावा. तू ऐंशी खाटांच्या ठिकाणी अकरा वर्षांनंतर साडेचौदावर आहेस. शिफारस ती शिफारसच राहिली, हे तुला सांगायला नको. पण दुसरीकडे मुलाखतीला जाशील तेव्हा आकडा सांगताना मान खाली घालू नकोस.

हात थरथरण्याचं राहिलं. तो थरथरणारच. माझा त्या सिलिंडरनंतर महिनाभर थरथरत होता, प्रेशर गेजकडे बघितल्याशिवाय झोप येत नसे. इन्सुलिन टाळू नकोस, दुसरीला 'तू दे ना' म्हणू नकोस, नाहीतर भीती तिथेच घर करेल. भरायच्या आधी वायल मावशींच्या हातात दे आणि त्यांना आकडा वाचायला सांग. मावशी चौथी शिकलेल्या असल्या तरी ४० आणि १०० वाचतात. मग सिरिंजवरचा आकडा तू मोठ्याने वाच. पेशंट हसले तर हसू देत. पंधरा दिवसांत सवय होईल.

खुलाशाच्या दोन प्रती काढ. एक देऊन दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घे. क्लार्क 'ठेवून जा, नंतर देतो' म्हणेल. तिथेच बाकड्यावर बसून राहा, डबा सोबत ने. पोच मिळाली की मला कळव.